सम्राट गेला, गाव राहिलं: स्प्लिटच्या राजवाड्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत आणि काही ठिकाणी वाक्यं नीट केली आहेत. बाकी बोलणं जसंच्या तसं आहे.

आज आपण भूमध्य समुद्राच्या एका बाजूच्या फाट्याकडे, म्हणजे एड्रियाटिक समुद्राकडे जाणार आहोत. इटलीच्या समोरच्या किनाऱ्यावर आज क्रोएशिया हा देश आहे आणि तिथे स्प्लिट नावाचं एक बंदराचं शहर आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघितलेल्यांनी त्याचा काही भाग नकळत पाहिलाय. ड्रॅगन जिथे साखळ्यांनी बांधून ठेवले होते, ती अंधारी दगडी तळघरं याच शहरातली.

या शहराची खरी गंमत मात्र मालिकेत नाही. गंमत अशी, की या शहराचा जुना भाग म्हणजेच एका रोमन सम्राटाचा राजवाडा आहे. राजवाड्याच्या शेजारी वसलेलं गाव नव्हे, राजवाड्याच्या आत वसलेलं गाव. साधारण तेराशे-चौदाशे वर्षं लोक त्या वाड्यात संसार करतायत. सम्राटाच्या दालनांच्या जागी कुणाचं स्वयंपाकघर आहे, तटबंदीत कुणाची खिडकी आहे आणि सम्राटाची समाधी आहे शहराचं कॅथेड्रल.

त्यामुळे आजचा प्रश्न असा: एखादी जुनी वास्तू टिकते कशामुळे? कुंपण घातल्यामुळे, की वापरल्यामुळे? स्प्लिटकडे याचं एक उत्तर आहे. पण ते सरळसोपं नाही.

आधी माणूस, मग वाडा

हा वाडा बांधणाऱ्या सम्राटाचं नाव डायोक्लेशियन. जन्म याच परिसरातला, म्हणजे तेव्हाच्या डाल्मेशिया प्रांतातला. घराणं अगदी साधं. सैन्यात भरती झाला, वर चढत गेला आणि 284 साली सम्राट झाला.

तो कुठल्या परिस्थितीत गादीवर आला, हे लक्षात घ्यायला हवं. त्याच्या आधीच्या पन्नासेक वर्षांत रोमन साम्राज्यात वीसपेक्षा जास्त सम्राट होऊन गेले होते. त्यातले बहुतेक खुनात किंवा लढाईत गेले. म्हणजे सम्राट होणं ही एक प्रकारे फाशीचीच शिक्षा होती, फक्त तारीख ठरलेली नसायची!

डायोक्लेशियननं ही घडी बसवली. 293 साली त्यानं सत्ता चौघांत वाटली: दोन मोठे सम्राट आणि दोन धाकटे. 301 साली वस्तूंच्या किमतींवर आणि मजुरीवर कमाल मर्यादा घालणारा प्रसिद्ध हुकूम काढला. 303 साली ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू केला. चर्च पाडली गेली, धर्मग्रंथ जाळले गेले, माणसं मारली गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मग 1 मे 305 रोजी त्यानं स्वतःहून सत्ता सोडली. आपल्या इच्छेनं निवृत्त होणारा पहिला रोमन सम्राट म्हणून तो ओळखला जातो. निवृत्तीसाठी त्यानं आधीपासूनच वाडा बांधायला घेतला होता. जागा निवडली आपल्याच मुलखातली. सलोना या प्रांताच्या राजधानीपासून पाच-सहा किलोमीटरवर, समुद्रकाठी.

इथली एक जुनी गोष्ट सांगतात. काही वर्षांनी साम्राज्यात परत भांडणं सुरू झाली, तेव्हा त्याला पुन्हा सत्ता घ्यायची विनंती झाली. त्यावर तो म्हणाला, मी स्वतःच्या हातानं लावलेल्या भाज्या तुम्ही बघितल्या असत्या, तर हे विचारलंच नसतं. पुढे लोकांनी त्या भाज्यांचा कोबी केला आणि तीच गोष्ट आज प्रत्येक गाईड सांगतो.

वाडा की छावणी?

आता वाड्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. साधारण 215 मीटर लांब, 180 मीटर रुंद. आपल्या हिशेबानं साडेनऊ एकरांच्या आसपास. चारी बाजूंनी उंच तटबंदी, कोपऱ्यांवर बुरूज आणि चार दरवाजे. आज त्यांना सोन्याचा, चांदीचा, लोखंडाचा आणि ब्राँझचा दरवाजा म्हणतात. सोन्याचा उत्तरेला, सलोनाच्या वाटेवर. चांदीचा पूर्वेला, लोखंडाचा पश्चिमेला. ब्राँझचा दक्षिणेला, समुद्राकडे. आज त्या दरवाजासमोर रुंद फरसबंद किनारा आहे, पण तेव्हा समुद्राचं पाणी जवळजवळ भिंतीला लागत असे.

आत दोन मुख्य रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, अगदी रोमन लष्करी छावणीसारखे. उत्तरेच्या अर्ध्या भागात सैनिक, नोकरचाकर, कोठारं, कामाच्या जागा. दक्षिणेच्या अर्ध्या भागात सम्राट. दोन्हींच्या मध्ये खांबांच्या रांगांनी वेढलेला एक खोलगट चौक आहे, त्याला पेरिस्टाइल म्हणतात. लोकांनी सम्राटाला मुजरा करायची जागा ही. चौकाच्या एका बाजूला त्याची समाधी आणि दुसऱ्या बाजूला देवळं. म्हणजे जिवंतपणी राहायचं घर, पूजेची जागा आणि मेल्यावर पडायची जागा, तिन्ही एकाच आवारात.

दगड आला समोरच्या ब्राच बेटावरून. तिथला चुनखडीचा दगड शुभ्र असतो आणि ऊन्ह पडलं की चमकतो. खांब मात्र दूरवरून आणले, काही थेट इजिप्तमधून. तिथूनच स्फिंक्सच्या मूर्तीही आणल्या. म्हणजे वाडा बांधला तेव्हाच त्या दीडेक हजार वर्षं जुन्या होत्या! त्यातला काळ्या ग्रॅनाइटचा एक स्फिंक्स अजून चौकात बसलेला आहे. पाण्यासाठी याद्रो नदीच्या उगमापासून साधारण नऊ किलोमीटरचा कालवा बांधला. एकोणिसाव्या शतकात त्याची दुरुस्ती करून तो परत वापरात आणला आणि याद्रोचं पाणी शहर आजही पितं.

डायोक्लेशियन इथे काही वर्षं राहिला आणि 311-312 च्या सुमारास वारला. त्यानंतरही वाडा सरकारी मालमत्ता म्हणून राहिला. आणि मग आला सातव्या शतकाचा सुरुवातीचा काळ.

सलोना उठली, वाडा वसला

सलोना हे खरं मोठं शहर. प्रांताची राजधानी, बंदर, न्यायालयं, नाट्यगृह, हजारो लोक मावतील असं अँफिथिएटर. त्यापुढे डायोक्लेशियनचा वाडा म्हणजे गावाबाहेरचा एक बंगला. कुणी तेव्हा विचारलं असतं, की हजार वर्षांनी दोघांपैकी काय उरेल, तर लोकांनी डोळे झाकून सलोनाचं नाव घेतलं असतं.

सातव्या शतकाच्या पूर्वार्धात अवार आणि स्लाव टोळ्यांच्या धामधुमीत सलोना उद्ध्वस्त झाली. लोक आधी जवळच्या बेटांवर पळाले. मग त्यातले काही परत आले. पण सलोनाला तटबंदी राहिली नव्हती, म्हणून ते शिरले वाड्यात.

याचं वर्णन तेराव्या शतकात स्प्लिटच्याच थॉमस नावाच्या आर्चडीकननं लिहून ठेवलंय. तो घटनेनंतर सहाशे वर्षांनी लिहितोय, त्यामुळे शब्द न् शब्द खरा मानायचं कारण नाही. पण त्यानं सांगितलेली वाटणी फार बोलकी आहे. ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांनी स्वतःच्या खर्चानं घरं बांधावीत. ज्यांना ते परवडत नव्हतं, त्यांनी बुरुजांत राहावं. आणि उरलेल्यांनी तळघरांत, कमानींखाली. निर्वासितांचं पुनर्वसन जगात कुठेही होतं, तसंच हेही झालं. जागा सगळ्यांना मिळाली, पण ऐपतीप्रमाणे.

आता दोन्ही ठिकाणांचं पुढे काय झालं ते बघा. सलोना रिकामी पडली. रिकाम्या शहराचा सगळ्यांत सोपा उपयोग म्हणजे दगडाची खाण. शतकानुशतकं लोक तिथले घडवलेले दगड उचलून नेत राहिले. सतराव्या शतकात तुर्कांशी लढाया चालू असताना व्हेनिसच्या लोकांनी तिथलं अँफिथिएटर पाडलं, शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. आज सोलिन नावाच्या गावाजवळ सलोनाचे अवशेष दिसतात. बघण्यासारखे आहेत, पण बरेचसे पाये आणि कमरेएवढ्या भिंती. वाड्याची तटबंदी मात्र अजून उभी आहे, कारण तिच्या भिंतीला पाठ लावून कुणीतरी राहत होतं. स्वतःच्या घराची भिंत कोण पाडणार?

छळणाऱ्याच्या समाधीत छळले गेलेले

आता ती 303 सालची गोष्ट आठवा.

डायोक्लेशियननं स्वतःसाठी बांधलेली समाधी बाहेरून अष्टकोनी आहे, भोवती खांबांची रांग. आतून गोल, वर घुमट. आत खांबांचे दोन मजले आहेत आणि वरच्या बाजूला नक्षीच्या पट्टीत दोन चेहरे कोरलेत. ते डायोक्लेशियन आणि त्याची बायको प्रिस्का यांचे आहेत असं मानतात. मधोमध त्याची दगडी शवपेटी होती.

304 साली, त्याच्याच छळाच्या काळात, सलोनाचा बिशप डोम्नियस मारला गेला. स्थानिक लोक त्याला प्रेमानं ‘स्वेती दुये’ म्हणतात. सलोनाचे लोक वाड्यात आले, त्यानंतर या समाधीचं त्यांनी चर्च केलं. परंपरा सांगते, की डोम्नियसच्या अस्थी आणून तिथे ठेवल्या. सम्राटाची शवपेटी गायब झाली. कुठे गेली, कुणी फोडली, आजवर कळलेलं नाही.

म्हणजे ज्यानं मारलं त्याच्या समाधीत, ज्याला मारलं त्याची पूजा सुरू झाली. दरवर्षी 7 मे रोजी स्प्लिट आपल्या या संताचा सण साजरा करतं. आणि गंमत अशी, की या ‘बदल्या’मुळेच सम्राटाची वास्तू वाचली. आज ती जगातल्या सगळ्यांत जुन्या कॅथेड्रल इमारतींपैकी एक मानली जाते. ते दोन चेहरेसुद्धा अजून वर आहेत. खाली प्रार्थना चालते आणि वरून डायोक्लेशियन बघतोय!

मध्ययुगात या समाधीवर एकेक थर चढत गेला. 1214 साली आंद्रिया बुविना नावाच्या कारागिरानं अक्रोडाच्या लाकडाचे दरवाजे घडवले. दोन झडपा, दर झडपेवर चौदा, अशी एकूण 28 चित्रं, ख्रिस्ताच्या आयुष्यातली. लाकूड आठशे वर्षं टिकणं ही लहान गोष्ट नाही. पंधराव्या शतकात आत दोन देखण्या वेदी आल्या. एक 1427 ची, बोनिनो दा मिलानोची. दुसरी 1448 ची, यूराय दालमातिनात्स या डाल्मेशियाच्या थोर शिल्पकाराची. बाहेर घंटेचा मनोरा उभा राहायला तेराव्या ते सोळाव्या शतकापर्यंतचा काळ लागला.

समोरच्या छोट्या रोमन देवळाचंही तेच झालं. गुरू ग्रहाला ज्याच्या नावानं ओळखतात, त्या ज्युपिटरचं ते देऊळ. त्याचं बाप्तिस्मागृह झालं. वर कोरीव चौकटींचं अर्धगोल दगडी छत आहे, रोमन काळातलं, आजही जवळजवळ अखंड. खाली बाप्तिस्म्याच्या कुंडाला अकराव्या शतकातला एक शिल्पपट लावलाय. त्यात मुकुट घातलेला क्रोएशियन राजा बसलाय आणि पायाशी एक माणूस लोटांगण घालतोय. बाहेर एक स्फिंक्स आहे, त्याला डोकं नाही. मूर्तिपूजेची खूण म्हणून जुन्या ख्रिस्ती लोकांनी ते फोडलं असं सांगतात. देवळाच्या बाजूनं जाणारा बोळ इतका अरुंद आहे, की त्याचं नावच ‘मला जाऊ द्या’ असं पडलंय.

आणखी दोन जागा सांगतो, कारण गर्दीत त्या हुकतात. सोन्याच्या दरवाजावर पहारेकऱ्यांची जी अरुंद वाट होती, तिच्यात संत मार्टिनचं एक छोटंसं चर्च आहे. रुंदी जेमतेम दीड मीटरच्या वर. दोन माणसं शेजारी शेजारी नीट उभी राहू शकणार नाहीत. आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून सोळाव्या शतकातलं ज्यूंचं सिनेगॉग आहे, मध्ययुगीन घरांच्या वरच्या मजल्यावर केलेलं. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यू या बंदरात व्यापारासाठी आले होते. म्हणजे याच वाड्यात आणखी एका निर्वासित समाजाला आसरा मिळाला.

कचऱ्यानं वाचवलेलं तळघर

इथपर्यंत ऐकून वाटेल, की वापरलं म्हणून सगळं वाचलं. तसं अजिबात नाही. सम्राट ज्या दालनांत राहत होता, तो वरचा मजला जवळपास संपला आहे. तिथे घरं उठली, भिंती फोडल्या, दगड इकडचे तिकडे झाले. मग त्या दालनांचा नकाशा आज आपल्याला कसा माहीत आहे? कचऱ्यामुळे!

जमीन समुद्राकडे उतरती होती. वरची दालनं एका पातळीवर आणण्यासाठी रोमन बांधकाम करणाऱ्यांनी खाली कमानींची प्रचंड तळघरं बांधली. वर जिथे भिंत, तिथे खालीही भिंत. वर गोल खोली, तर खालीही गोल खोली. वजन सरळ खाली उतरायला हवं, म्हणून खालचा नकाशा वरच्यासारखाच ठेवावा लागला.

सुरुवातीला तळघरांत माणसं राहिली, काही ठिकाणी तेलाचे घाणे चालले. मग वरच्या घरांतल्या लोकांनी जमिनीला भोकं पाडली आणि कचरा, सांडपाणी, राडारोडा सरळ खाली सोडायला सुरुवात केली. शतकानुशतकं. होता होता तळघरं छतापर्यंत भरली. आता भरलेल्या तळघरात कुणी शिरत नाही, भिंत काढत नाही, खांब पळवत नाही. त्यामुळे 1950 च्या दशकात पश्चिमेचा मोठा भाग उपसला, तेव्हा रोमन काळातली दालनं जवळपास जशीच्या तशी हाती आली. त्यांच्यावरून वरच्या, नाहीशा झालेल्या निवासाचा आराखडा मांडता आला.

म्हणजे वरचा मजला वापरानं गेला आणि खालचा मजला दुर्लक्षानं वाचला. आपण सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही म्हटलं, ते यासाठी.

कुठला काळ खरा?

1757 साली रॉबर्ट अ‍ॅडम नावाचा तरुण स्कॉटिश वास्तुविशारद इथे आला. तेव्हा शहरावर व्हेनिसची सत्ता होती, 1420 पासून. अ‍ॅडम आणि त्याचे चित्रकार सोबती तटबंदीची मापं घेऊ लागल्यावर अधिकाऱ्यांना वाटलं, हे हेर आहेत. तरी पाच आठवड्यांत त्यांनी काम उरकलं आणि 1764 साली वाड्याच्या चित्रांचं भव्य पुस्तक लंडनमध्ये निघालं. ब्रिटनमधल्या त्या काळच्या घरांच्या शैलीवर या वाड्याची छाप पडली, ती त्यातून.

पण त्या पुस्तकात एक वेगळी गोष्टही आहे. काही चित्रांत अ‍ॅडमनं मधली घरं मनानंच पुसली आणि वाडा सम्राटाच्या वेळी कसा असेल तसा काढला. कागदावर हे करणं निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात करायला गेलं, तर कुणाचं तरी घर पाडावं लागतं.

आणि तो वाद दीडशे वर्षांनी खरोखर उभा राहिला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. फ्राने बुलिच हे स्थानिक धर्मगुरू आणि पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक. सलोनाच्या उत्खननाचं श्रेय मुख्यतः त्यांचं. त्यांचं म्हणणं असं, की समाधीला चिकटलेली नंतरची बांधकामं काढावीत आणि मूळ रोमन वास्तू मोकळी करावी. दुसरीकडे व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलोइस रीगल. 1903 साली त्यांनी स्प्लिटबद्दल सरकारला अहवाल दिला. त्यांचा आग्रह वेगळा होता. मध्ययुगातली आणि नंतरची घरंही तितकीच इतिहास आहेत. शतकांचे थर एकावर एक दिसतात, हीच या जागेची किंमत. थर खरवडून एकच काळ उरवला, तर जागा मुकी होते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. बुलिच काही विध्वंसक नव्हते. दाटीवाटीमुळे समाधीचं रूपच दिसत नव्हतं, ओल होती, आगीची भीती होती. शेवटी दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या घडल्या. 1920 च्या दशकात समाधीजवळचा जुना बिशपवाडा पाडला गेला. घंटेच्या मनोऱ्याची 1908 पर्यंत चाललेली दुरुस्ती इतकी मोठी होती, की जुने कोरीव दगड काढून नवे बसवले गेले. काढलेल्यांपैकी काही तुकडे बुलिचनी सोलिनमध्ये बांधलेल्या घराच्या भिंतीत आजही दिसतात. पण बाकीचं गाव मात्र राहिलं. वाड्याचा वाडा झाला नाही, गावच राहिला.

1979 साली युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत नाव घातलं, तेही नुसत्या राजवाड्याचं नव्हे. डायोक्लेशियनच्या राजवाड्यासह स्प्लिटचा ऐतिहासिक परिसर, असं. म्हणजे अधिकृतपणे रीगल जिंकले म्हणायला हरकत नाही.

आता पुन्हा गाव उठतंय

इथे गोष्ट संपली असती, तर छान झालं असतं. पण गेल्या काही दशकांत वाड्यात पुन्हा एक स्थलांतर चालू आहे. या वेळी लोक बाहेर जातायत.

कारण सोपं आहे. जुन्या घराला लिफ्ट नाही, दारापर्यंत गाडी येत नाही, खालच्या बारचा आवाज रात्री उशिरापर्यंत. आणि तेच घर पर्यटकांना भाड्यानं दिलं, तर उन्हाळ्यात भरपूर पैसे मिळतात. मग माणूस शहराच्या नव्या भागात फ्लॅट घेतो आणि हे घर पर्यटकांसाठी ठेवतो. त्याला दोष कसा द्यायचा? आपणही तेच केलं असतं. घर गेल्यावर मागोमाग किराणा दुकान जातं, चप्पल शिवणारा जातो, शाळेत जाणारी मुलं दिसेनाशी होतात. हिवाळ्यात बऱ्याच खिडक्या बंद.

यात वास्तूला काय धोका, असं कुणी म्हणेल. दगड तर तिथेच आहेत, उलट पैसा येतोय. पण राहणारा आणि पाहुणा यांच्यात फरक असतो. छत गळायला लागलं, की राहणाऱ्याला पहिल्या पावसात कळतं. नाली तुंबली, की तो आरडाओरडा करतो. शेजाऱ्यानं भिंत फोडली, तर तो भांडतो. ही रोजची कटकट म्हणजेच चौदाशे वर्षांची देखभाल होती, फक्त तिला कुणी ते नाव दिलं नव्हतं. कॅथेड्रल तरी चालू आहे, कारण तिथे अजून प्रार्थना होते. पण उरलेल्या वाड्यात रात्री दिवा लावणारी माणसं कमी झाली, तर त्या भिंतींची काळजी पूर्णपणे पगारी यंत्रणेवर आणि तिकिटाच्या पैशांवर येते. सलोना एका धाडीत रिकामी झाली. वाडा हळूहळू, राजीखुशीनं रिकामा होतोय.

मी असं म्हणत नाही, की पर्यटकांनी जाऊ नये. जा, जरूर जा. पण कसं बघायचं, त्याबद्दल थोडं सांगून थांबतो.

गेलात तर

सकाळी लवकर जा, बोटींची गर्दी यायच्या आत. आधी तळघरं बघा, मग पायऱ्या चढून चौकात या. म्हणजे खालचा नकाशा डोक्यात ठेवून वरचं गाव वाचता येईल.

भिंत वाचायला शिका. मोठे, घट्ट बसवलेले चौकोनी दगड दिसले, की ते बहुतेक रोमन. त्यांच्या वर लहान ओबडधोबड दगड, म्हणजे मध्ययुग. टोकदार नक्षीदार कमानीची खिडकी, म्हणजे व्हेनिसचा काळ. याचा उत्तम नमुना म्हणजे पापालिच घराण्याचा वाडा, पंधराव्या शतकातला, आता तिथे शहराचं संग्रहालय आहे. आणि त्याच भिंतीवर वाळत घातलेले कपडे दिसले, तर समजा की चौथा थर अजून जिवंत आहे.

वेळ असेल तर अर्धा दिवस सोलिनला, सलोनाच्या अवशेषांकडे जा. तिथे गवतात शांतपणे उभं राहून परत स्प्लिटमध्ये या. दोन्ही एकाच सम्राटानं पाहिलेली, एकाच दगडाच्या मुलखातली. एकीकडे माणसं थांबली, दुसरीकडे नाही. तो फरक कुठल्याही फलकावर लिहिलेला नसतो, पण डोळ्यांना स्वच्छ दिसतो.

आणि शक्य झालं, तर जेवायला आणि किरकोळ खरेदीला तिथे राहणाऱ्यांची दुकानं शोधा. एका पाहुण्याच्या कॉफीनं शहर वाचत नाही, हे खरं. पण कुणाचं दुकान बाराही महिने उघडं राहावं, याला थोडा हातभार लागतो.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या पाहण्यातली एखादी जुनी वास्तू, जी केवळ माणसं वापरत राहिली म्हणून टिकली किंवा वापरामुळेच बिघडली, अशी असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा आणि वाचत राहा. नमस्कार!